अंगणाचे पाणी

शाळेत भूगोल शिकवीत असता एकदा इटलीतील व्हेनिस शहराचे वर्णन मी मोठ्या रंगात येऊन करीत होतो. रस्त्यांच्या जागी कालवे, गाड्यांच्या जागी नावा! इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “मास्तर, सगळीकडे समुद्राचे खारे पाणी, मग ते लोक पितात काय?” त्या दिवशी मी निरुत्तर झालो. उत्तर पुढे वाचनात सापडले. ते आज आपणांस सांगतो.

ते लोक आपल्या अंगणात पडलेला पाऊस पीत असत. चौकाच्या मध्यभागी दहा-पंधरा फूट खोल खड्डा खणावयाचा. खारे पाणी आत झिरपू नये म्हणून त्यास चिकणमातीचे जाड अस्तर द्यावयाचे, आणि तो वाळूने भरावयाचा. मधोमध विटांची विहीर रचावयाची. वर फरसबंदी, पण तिला असा उतार की छपरांवरचे व चौकातले पावसाचे पाणी दगडी जाळ्यांकडे वाहात जावे. तेथून ते वाळूत उतरे, गाळून स्वच्छ होई आणि तळाशी विहिरीत जमा होई. म्हणजे सबंध चौक हीच एक मोठी गाळणी! अवर्षणात पाणी पुरेनासे झाले, की मुख्य भूमीवरील ब्रेन्टा नदीचे पाणी नावांतून आणून याच विहिरींत ओतीत.

आता यातील मर्म पाहा. जो चौक आपण तुडवितो त्याचेच पाणी प्यावयाचे, तर तेथे घाण कोण करील? सार्वजनिक विहिरींवर झाकणे असत, त्यांना कुलपे असत, आणि किल्ल्या मोहल्ल्याच्या प्रमुखांकडे असत. चौक स्वच्छ राखणे हा केवळ शिष्टाचार नव्हता. तो प्रत्येकाच्या तहानेचा प्रश्न होता.

तथापि ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पाणी अपुरे पडे, दूषितही होई. भरतीचे पाणी चौकात शिरले की विहिरी खाऱ्या होत. म्हणून १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले, तेव्हा लोकांना आनंद वाटला तो यथार्थच होता. मात्र विहिरींवरची झाकणे कायमची मिटली, आणि अंगणात पडणारा पाऊस परका झाला. तो लवकर वाहून जावा, एवढीच त्याजकडून अपेक्षा उरली.

असा परका झालेला पाऊस पुन्हा आपलासा करता येतो काय? सिंगापूरने ते करून दाखविले आहे. तेही समुद्राने वेढलेलेच. तेथील रस्त्यांचे व गटारांचे पावसाचे पाणी तलावांत साठवून, शुद्ध करून पिण्यास देतात. २००८ साली तर शहराच्या ऐन मध्यभागी, नदीच्या मुखाशी, मरीना येथे बंधारा पुरा झाला. परंतु त्याआधी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे तेथील नद्या स्वच्छ करण्यात खर्ची पडली होती, हे विसरू नये. आधी झाडू, मग बंधारा!

त्या मुलाला आज उत्तर द्यावयाचे, तर मी इतकेच म्हणेन: “बाळ, ते लोक आपले अंगण पीत होते, म्हणून ते झाडीत होते.” श्रोतेहो, येत्या पावसाळ्यात पन्हाळीखाली भांडे लावण्यापूर्वी, आपणही एकवार आपल्या गच्चीकडे आणि अंगणाकडे पाहावे, एवढीच विनंती.