मामाचा विठ्ठल

माझे आजोळ गिरगावातले. दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडे साताऱ्याहून तेथे गेलो, की चकल्या मऊ पडू लागण्याच्या सुमारास एक वाद हमखास निघे. वाद राजकारणाचा नसे, वाटणीचाही नसे. पडद्यावर खरी मर्दुमकी कोणी गाजवली, एवढाच प्रश्न असे. पण तो इतक्या हिरिरीने लढवला जाई की समोरच्या बिऱ्हाडातील काका गॅलरीत खुर्ची टाकून आपण होऊन न्यायाधीश बनत. फी म्हणून दोन करंज्या आगाऊ घेत.

१९६४ सालची दिवाळी मला विशेष आठवते. आम्हा मुलांचा पक्ष दारासिंगचा. 'किंग काँग' १९६२ साली आणि 'फौलाद' १९६३ साली लागून गेला होता, आणि आमच्या शर्टांच्या बाह्या दंडापर्यंत गुंडाळलेल्या असत. आमचा मुद्दा सरळ होता. आमचा नट खराखुरा पहिलवान, १९५४ चा रुस्तम-ए-हिंद. तो ज्याला उचलतो त्याला खरोखरच उचलतो.

मामा सुपारी कातरीत म्हणाला, "अरे, पहिलवानाने माणूस उचलला यात नवल ते काय? बोरीबंदरचा हमाल दोन ट्रंका आणि वर वळकटी उचलतो. त्याला कोणी तिकीट लावते का?"

मामाचा देव एकच, मास्टर विठ्ठल. त्याचे नाव निघाले की मामाची मान ताठ होई. आणि आजी, मामाची सख्खी आई, नेमकी तेथेच टाचणी लावी.

"विठ्ठल म्हणजे विटेवर उभा असावा," ती म्हणाली. "तुझा विठ्ठल पहिल्याच बोलपटात आडवा झाला!"

सगळी गॅलरी हसली. मी हसलो, पण विनोद मला कळला नव्हता. तो कळायला पुढे बरीच वर्षे आणि बरीच जुनी कागदपत्रे चाळावी लागली. आज तोच विनोद उलगडून सांगण्याचा विचार आहे.

मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या चित्रसृष्टीतून पुढे आलेला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो होता आणि १९२४ च्या 'कल्याण खजिना'त त्याने चक्क नर्तकीचे काम केले. (हे आजीला कळले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुळात तो माझ्याच बाजूचा.") पुढे तो मुंबईला शारदा फिल्म कंपनीत आला आणि १९२६ च्या 'रतन मंजरी'पासून नायक झाला. तलवार, घोडा, तटावरून उडी आणि शेवटी राजकन्या, हा मसाला त्याने असा जमवला की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. हे बिरुद लहानसहान नव्हते. सरकारने १९२७-२८ साली रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी करायला जी समिती नेमली, तिलाही फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' हाच या देशातला सर्वांत लोकप्रिय चित्रपट असल्याचे आढळले होते.

मामाने विठ्ठलचे मूकपट बारा-तेरा वर्षांचा असताना पिटात बसून पाहिले. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, दोन-तीन लिप्यांत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि भोवतालचे ऐकत. मामा मराठी पाटी वाचून दाखवी आणि शेजारचा बोहरी पोर गुजराती. बाजूला पेटी-तबला चाले. तलवारी खणाणल्या की तबलजीच्या आधी प्रेक्षकांचे हात बाकांवर पडत. "त्या वेळी नटाला तोंड लागत नसे, मांड्या लागत," असे मामा म्हणे, आणि मला वाटते त्या काळाचे वर्णन याहून नेमके कोणी केलेले नाही. मूकपटांतील सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत विठ्ठलची गणना होई, ती या मांड्यांच्या जोरावर.

आणि मग तोंड आले.

अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' काढायचे ठरवले तेव्हा नायक म्हणून विठ्ठललाच उचलले. शारदाचा करार मोडून तो निघाला, म्हणून कंपनीने त्याला कोर्टात खेचले. त्याच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि विठ्ठल जिंकला. आमच्या गॅलरीतले न्यायाधीश या मुद्द्यावर दर वर्षी गडबडत. "ज्याचा वकील जीना," ते म्हणत, "त्याच्याविरुद्ध निकाल द्यायची माझी छाती नाही. देशाचे दोन तुकडे करून घेतले त्याने, माझ्या करंज्यांचे काय घेऊन बसलात!"

खटला जिंकला, पुढची लढाई मात्र उच्चारांशी होती. 'आलम आरा'ची भाषा हिंदुस्तानी, उर्दू वळणाची, पारशी रंगभूमीच्या थाटाची. विठ्ठलच्या जिभेला ती वळेना. त्या स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, त्यामुळे गाड्या थांबल्यावर रात्री एक ते चारच्या दरम्यान काम करावे लागे, कारण माइक सगळेच ऐकत असे. जो माइक गाडीला माफ करीना तो नायकाच्या उच्चारांना कसा करणार? वाट कथेतच होती. एका हाराच्या करणीने राजपुत्र निश्चेष्ट पडतो असे तिच्यात होते. तेव्हा विठ्ठलचे संवाद कमी करून त्याला बऱ्याच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत ठेवण्यात आले. १४ मार्च १९३१ रोजी आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर, मॅजेस्टिकमध्ये, हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आणि नायक झोपला होता!

मामा तेव्हा सोळा वर्षांचा. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले म्हणतात. मामाने काय दिले ते त्याने कधी सांगितले नाही. विचारले तर म्हणे, "झोपला, पण झोपलाही कसा ऐटीत!"

आता आजीचा पक्ष. ती १९३५ साली शेजारणींबरोबर कीर्तनाला म्हणून घराबाहेर पडली आणि 'हंटरवाली' पाहून आली. वाडिया मूव्हीटोनची ही नादिया मूळची मेरी एव्हान्स, १९०८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जन्मलेली, वडील ब्रिटिश सैन्यातले. लहानपणी मुंबईला आली आणि मोठेपणी काही काळ सर्कशीत होती. जमशेद वाडियांनी तिचे नाव नंदादेवी ठेवायचे सुचवले. कराराच्या कागदात नाव बदलणे बसत नाही म्हणून तिने साफ नाकारले. तिचे हिंदीही विठ्ठलपेक्षा फार सरस नव्हते, पण तिला कोणी झोपवले नाही! होमी वाडियांनी तिच्या हाती चाबूक दिला, घोडा दिला, आणि माणसे खांद्यावर उचलून भिरकावून द्यायला सांगितले. मला तर वाटते की बोलपटाच्या युगात मारधाडीला जीव राहिला तो या बाईमुळे. आजीचे म्हणणे याहून थोडक्यात असे. "बाईने पुरुष उचलून फेकलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. घरी आले आणि यांना म्हटले, आज चहा तुम्ही करा."

"केला का आजोबांनी?" आम्ही विचारीत असू.

"साखर विसरले. पण केला."

त्या वर्षी निकाल आजीच्या बाजूने लागला. मामाने तो मानला नाही. तो कधीच मानीत नसे.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी मामाची बाजू तपासायला निघालो. पुण्याचे चित्रपट संग्रहालय त्याच १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे विठ्ठलच्या उड्यांना फारच उशीर झाला होता. 'आलम आरा'ची एकही प्रत आज कोठे असल्याचे माहीत नाही. तेराशेच्या आसपास मूकपट या देशात निघाले. त्यातले, तुकडे धरूनही, तीसच्या आतबाहेर उरले आहेत. त्या वेळच्या फिती भडकन पेटत, आणि न पेटलेल्या भंगारात जात. त्यातली चांदी काढून घेत आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करीत. हे वाचले तेव्हा मला आजीच्या हातातल्या चकचकीत सेल्युलॉइडच्या बांगड्या आठवल्या, आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

दारासिंगची कुस्ती वर्तमानपत्रांत आहे, नादियाचे चित्रपट आहेत. विठ्ठलच्या ऐन उमेदीतल्या उड्यांना मात्र बहुतेक मामासारख्यांची तोंडी साक्षच उरली, आणि तीही थट्टेच्या वादात दिलेली. मला आडून आडून एक पुरावा मिळाला. १९३१ चाच 'दिलेर जिगर' हा मारधाडीचा मूकपट वाचला आहे; आपल्याला खाष्ट सासू म्हणून ठाऊक असलेल्या ललिता पवार त्यात ऐन तारुण्यात नायिका आहेत. त्यातल्या तलवारी आणि कसरती पाहताना माणसे खरोखर धडपडताना दिसतात. विठ्ठल त्यात नाही. पण अशा गड्यांत ज्याला पहिला नंबर मिळे त्याच्याविषयी मामा फार फुगवून सांगत नसावा, एवढे मला वाटले.

विठ्ठलला मी स्वतः पाहिले ते 'छत्रपती शिवाजी'त, भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या चित्रपटात, पुढे केव्हातरी तो पुन्हा लागला तेव्हा. 'आलम आरा'तले पृथ्वीराज कपूरही त्यात आहेत, मिर्झाराजांच्या भूमिकेत. सगळे थिएटर त्यांच्याकडे पाहत होते. मामा माझे कोपर धरून "तो बघ, तो बघ" म्हणत होता आणि मी भलत्याच माणसाकडे पाहत होतो. १९६९ साली विठ्ठल गेला. त्या दिवाळीत वाद निघाला नाही.

आजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, मामाने सत्तरी ओलांडली असताना, एका हौशी मंडळाने १९३६ चा 'मिस फ्रंटियर मेल' दाखवला. मी मामाला घेऊन गेलो. नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर चढून गुंडांना झोडपीत होती आणि तरुण पोरे शिट्ट्या मारीत होती. मामा अंधारात कुजबुजला, "गाडी उभी असणार."

बाहेर बसची वाट पाहताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चालतीच होती रे. पण आईसमोर मी कबूल केले नसते."