सलग 34 वर्षं एकच कॉलेज जिंकतं तेव्हा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं, "क्रॉस कंट्री त्यांचीच आहे, आपण मुलं कशाला पाठवायची?" म्हणून आज अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो.

तिथे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये आर्कन्सॉ सोडलं तर बाकी सगळी टेक्सासची विद्यापीठं. 1974 ला आर्कन्सॉने पुरुषांची क्रॉस कंट्री जिंकली आणि मग थांबलेच नाहीत. 1991 ला ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेले, तिथेही तेच. 2007 पर्यंत सलग 34 विजेतेपदं! प्रशिक्षक एकच, आयर्लंडमधून आलेले जॉन मॅकडोनेल. देशपातळीवरची त्यांची 40 विजेतेपदं वेगळी. (नियमभंगामुळे 2004 आणि 2005 ची दोन काढून घेतली, ती वजा करून.)

हे जमलं कसं? नियम तर सगळ्यांना सारखे होते. शिष्यवृत्त्यांवर मर्यादा होती. पुरुषांच्या अॅथलेटिक्सला पुढे ती 12.6 एवढी ठरली. एवढ्यातच फेकणारे, उडी मारणारे, पळणारे सगळे बसवायचे. पण लांब पल्ल्याचा धावपटू शरद ऋतूत क्रॉस कंट्री पळतो, हिवाळ्यात इनडोअर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मैदानी स्पर्धा. म्हणजे एका शिष्यवृत्तीत तीन हंगामांचे गुण. त्यात क्रॉस कंट्रीला सात पळतात आणि पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते, कमी बेरीज जिंकते. पाच-सहा दमदार पोरं असली की काम झालं. मॅकडोनेलनी आयर्लंडहूनही मुलं आणली. टेक्सासवाल्यांकडे पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. तो फुटबॉलकडे जायचा, म्हणजे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलकडे.

त्यामुळे आर्कन्सॉला दोष देणं मला पटत नाही. काळजी वेगळीच आहे. 2025 मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर मोठ्या विद्यापीठांवरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, आता फक्त संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर बंधन आहे. ज्याची तिजोरी मोठी, तो अख्ख्या संघाला शिष्यवृत्ती देऊ शकतो. मॅकडोनेलनी डोकं लढवून जे केलं, ते आता पैशानेही होईल.

तरी तिथे एक दार उघडं ठेवलंय. राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत 31 संघ असतात, आणि त्याशिवाय 38 धावपटू एकेकटे जातात. संघ हरला तरी पळणारा घरी बसत नाही.

आपल्याकडेही विद्यापीठाचा संघ निवडताना वैयक्तिक क्रमांक बघतात. मग पूर्ण संघ जमत नाही म्हणून तालुक्याच्या कॉलेजने एकट्या चांगल्या धावणाऱ्या मुलीचं नावच पाठवायचं नाही, हे कुठल्या नियमात बसतं? प्राचार्य मंडळी हे वाचत असतील तर कमेंटमध्ये सांगा.