प्रवेशद्वार बंद, स्वयंपाकघर सुरू : राणीच्या बागेचा हिशेब (दीर्घ धागा)

१/
मार्च २०२०. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, म्हणजे आपल्या सर्वांच्या राणीच्या बागेचे, प्रवेशद्वार प्रेक्षकांसाठी बंद झाले. महिनाभरापूर्वीच औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून ‘शक्ती’ आणि ‘करिश्मा’ ही वाघांची जोडी येथे आणली होती. अनेक वर्षांनी मुंबईकरांना वाघ दिसणार होता. प्रत्यक्षात वाघ आले आणि माणसेच येईनाशी झाली.

२/
आजचा प्रश्न साधा आहे. तिकीटखिडकी बंद झाली की पिंजऱ्यातल्या जिवाचे पोट कोण भरते? या प्रश्नाचे मुंबईपुरते उत्तर २०२० साली ठरले नाही. ते १८७३ साली ठरले होते. कसे, ते पाहू.

३/
आधी प्राणिसंग्रहालयाच्या खर्चाचे गणित समजून घ्या, मित्रहो. कारखाना बंद केला की वीज वाचते, कच्चा माल वाचतो, चाके थांबतात. चित्रपटगृह बंद केले की पडदा काळा होतो आणि काम संपते. प्राणिसंग्रहालयाला ही सोय नाही. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला साधारण आठ-दहा किलो मांस लागते (आठवड्यातून एक दिवस उपवास, ही जगभरातली रीत). हत्तीला चारा लागतो, पाणघोड्याला स्वच्छ पाणी लागते. पशुवैद्य, रक्षक, सफाई कामगार यांना सुट्टी देता येत नाही. उत्पन्न शून्यावर येते आणि खर्च मात्र जवळजवळ जागचा हलत नाही.

४/
त्यात पेंग्विन! जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले. त्यांपैकी एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. मुंबईच्या दमट उकाड्यात त्यांच्यासाठी सतत थंड ठेवलेले दालन, शुद्ध केलेले पाणी आणि रोजची मासळी लागते. टाळेबंदी आहे म्हणून त्या दालनातील यंत्रे एक दिवसही बंद ठेवता येणे शक्य नव्हते.

५/
आता मागे जाऊ. महाराष्ट्रात प्राणी पाळून दाखवण्याची हौस इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने १७९० साली त्यातील गेंड्याचे चित्र काढले आणि ते आजही उपलब्ध आहे. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तांबट चित्रे काढीत असे. शिकारखान्याचा पोशिंदा एकच, तो म्हणजे सरकारी खजिना. तिकीट नाही, वर्गणी नाही. धन्याची मर्जी आणि दौलत शाबूत, तोवर गेंडा सुखात.

६/
मुंबईची कथा वेगळी. येथे सुरुवात राजाने केली नाही, एका मंडळाने केली : ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’. शेती आणि बागाईत यांत रस असणाऱ्या प्रतिष्ठितांची ही संस्था. तिची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी घेतली गेली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच. त्याआधीच माझगाव-भायखळ्याच्या बाजूला नव्या बागेची आखणी झाली होती आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. ‘राणीची बाग’ हे नाव लोकांनी दिले, आणि पुढे अधिकृत नाव बदलले तरी जिभेवरून ते गेले नाही.

७/
१८६२ हे साल ध्यानात ठेवा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचत नव्हता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशांचा पूर आला. बँका, भराव घालणाऱ्या कंपन्या, शेअर, सट्टा. १८६५ साली युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. भलेभले व्यापारी धुळीस मिळाले. अशा शहरात हौशी मंडळाच्या वर्गणीवर बाग चालवणे किती अवघड असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

८/
ती सोसायटी टिकली नाही. १८७३ साली बाग मुंबई नगरपालिकेच्या हवाली झाली. पुढे १८९० साली सुमारे पंधरा एकर जमीन जोडून तेथे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. म्हणजे पहिला प्राणी पिंजऱ्यात येण्याच्या आधीच त्याच्या पोटाची जबाबदारी करदात्यांकडे गेली होती. माझ्या मते या बागेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची तारीख उद्घाटनाची नाही, या हस्तांतराची आहे. आणि बागेत फिरणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते.

९/
(थोडे विषयांतर. या बागेला बेघरांना आसरा देण्याची जुनी सवय आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात फुटला. तुकडे जोडून तो येथे, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला गेला. ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो घोड्यावर बसलेला राजपुत्राचा पुतळाही १९६५ साली येथेच हलवला. या दोघांना खायला मात्र काही लागत नाही.)

१०/
साथीचे रोग या परिसराला नवे नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कॉलेज, तुरुंग आणि बाग ही सारी एकाच वस्तीतली. आज बागेतून बाहेर पडून जे. जे. रुग्णालयाकडे चालत निघालात, तर एका महामारीचा नकाशाच पायांखालून जातो.

११/
पुन्हा २०२०. प्राण्यांच्या बाबतीत भीती केवळ पैशांची नव्हती. ५ एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील ‘नादिया’ या वाघिणीला कोरोनाची लागण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशातील सर्व प्राणिसंग्रहालयांना अतिदक्षतेचा आदेश दिला : चोवीस तास कॅमेऱ्यातून निरीक्षण, रक्षकांना संरक्षक साधने, आजारी प्राण्याचे विलगीकरण. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानात आठ सिंहांना लागण झाली. चेन्नईजवळच्या वंडलूर येथे जूनमध्ये ‘नीला’ ही सिंहीण मरण पावली. थोडक्यात, उत्पन्न आटले त्याच वेळी खर्चाच्या वहीत नवी पाने जोडली गेली.

१२/
जगात काय चालले होते? जर्मनीतील नॉयम्युन्स्टर येथील प्राणिसंग्रहालयाच्या संचालिकेने एप्रिल २०२० मध्ये उघडपणे सांगितले की, वेळच आली तर कोणते प्राणी आधी मारावे लागतील याची यादी केलेली आहे. एकाचे मांस दुसऱ्याला. यादीत सर्वांत शेवटी ‘वीटुस’ हे ध्रुवीय अस्वल. ती यादी सुदैवाने अमलात आली नाही. पण असे का घडले, ते पाहा. ते प्राणिसंग्रहालय एक संघटना चालवते आणि नगराच्या तिजोरीतून त्याला पैसा मिळत नव्हता. आपल्या १८६२ च्या सोसायटीचीच ही आधुनिक आवृत्ती नव्हे का?

१३/
ब्रिटनमध्येही मोठी प्राणिसंग्रहालये धर्मादाय संस्थांची. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनचे प्राणिसंग्रहालय बंद झाले, पण अवघ्या बारा दिवसांत पुन्हा उघडले. २०२० मध्ये त्याला कितीतरी अधिक काळ कुलूप राहिले. अखेर ब्रिटिश सरकारला प्राणिसंग्रहालयांसाठी दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर करावा लागला.

१४/
आणि जेथे तिजोरीचा मालकच निष्ठुर झाला, तेथे? टोकियोचे उएनो प्राणिसंग्रहालय, १९४३. हवाई हल्ल्यात हिंस्र प्राणी मोकाट सुटतील, या कारणाने त्यांना मारण्याचा हुकूम झाला. हत्ती विषारी अन्नाला तोंड लावीनात, म्हणून त्यांची उपासमार केली गेली. युद्धानंतर जपानी मुलांच्या विनंतीवरून नेहरूंनी १९४९ साली तेथे एक हत्तीण पाठवली. तिचे नाव इंदिरा. सरकारी मालकी म्हणजे आपोआप सुरक्षितता, असे कोणाला वाटत असेल तर उएनोचा इतिहास जरूर वाचावा.

१५/
मुंबईत असे काही घडले नाही, याचे कारण आकड्यांत आहे. २०२०-२१ चे मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक ३३,४४१ कोटी रुपयांचे होते. त्या सागरात बागेचे तिकीट म्हणजे ओंजळ. ऑगस्ट २०१७ पूर्वी तर मोठ्यांना ५ रुपये आणि लहान मुलांना २ रुपये तिकीट होते! पेंग्विन आल्यानंतर ते ५० आणि २५ रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये. या दरवाढीवर पुष्कळ गदारोळ झाला. पण पाच रुपयांच्या तिकिटावर वाघ कधीच जगत नव्हता. तो जगत होता मुंबईकरांच्या करावर.

१६/
म्हणून मुंबईतला वाद ‘प्राणी जगतील का’ हा नव्हता, ‘खर्च किती करावा’ हा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये पेंग्विन कक्षाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटी रुपयांची निविदा निघाली आणि विरोधकांनी टीकेची झोड उठवली. पेंग्विनांमुळे बागेचे उत्पन्न वाढले, हा प्रशासनाचा बचाव. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. उत्पन्न वाढले होते खरे. पण ते प्रवेशद्वार उघडे असतानाचे उत्पन्न. महामारीच्या वर्षात रुग्णशय्यांचा हिशेब मांडणाऱ्या नागरिकाला पेंग्विनांचे पाच कोटी वार्षिक खुपले, तर त्याला प्राणिद्वेष्टा म्हणता येणार नाही. मात्र आणलेला जीव परत पाठवता येत नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न विचारण्याची वेळ २०१६ ची होती.

१७/
इतर शहरांचे काय? पुण्याचे कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय (जुन्या पेशवे पार्कचा वारसदार) महापालिकेचेच. ते जवळजवळ दोन वर्षे बंद राहून मार्च २०२२ मध्ये उघडले. नागपूरची महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे आहे. तिच्यामागे मालमत्ता कराचा आधार नाही. सिद्धार्थ उद्यान महापालिकेचे, पण ती पालिका मुंबईसारखी धनाढ्य नव्हे. अपुऱ्या जागेवरून प्राधिकरणाच्या नाराजीचा सामना ते आधीपासूनच करीत होते. त्यात २५ डिसेंबर २०२० रोजी तेथील ‘समृद्धी’ वाघिणीने एकदम पाच बछड्यांना जन्म दिला. बातमी आनंदाची, पण तोंडे पाच वाढली. शक्ती आणि करिश्मा याच उद्यानातून मुंबईला का गेले, ते आता लक्षात येईल. जागा आणि पैसा तिकडे होता.

१८/
कर्नाटकात प्राणिसंग्रहालयांचा कारभार स्वतंत्र प्राधिकरणाकडे असल्याने तिकिटाचे महत्त्व मोठे. म्हैसूरसाठी मंत्री एस. टी. सोमशेखर यांना आपल्या मतदारसंघातून देणग्या गोळा कराव्या लागल्या. आपल्याकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी दत्तक योजना आहे. वर्षाचा खर्च भरून कोणीही बिबट्याचे पालकत्व घेऊ शकतो. वर्गणीचेच हे नवे रूप. आणि याच काळात, २६ जानेवारी २०२१ रोजी, नागपूरजवळ गोरेवाड्याचे भव्य प्राणी उद्यान खुलेही झाले.

१९/
वरोर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यातील वाचकांसाठी एक नोंद. आपल्याकडे ‘मुंबई पाहिली’ म्हणजे राणीची बाग पाहिली, असा हिशेब असे. वाणगावला गाडी पकडायची, दादरला उतरून मध्य रेल्वेने भायखळा. त्यामुळे आपल्यासाठी बागेचे प्रवेशद्वार बंद झाले, आणि पाठोपाठ रुळही बंद झाले. लोकल सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला; बाग उघडली १५ फेब्रुवारीला. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि बाग पुन्हा बंद. नंतर १ नोव्हेंबर २०२१ ला उघडली, जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत पुन्हा बंद, फेब्रुवारीत पुन्हा सुरू. एवढ्या उघडझापीत शाळेच्या सहलींचे वेळापत्रक कोण आखणार?

२०/
आणि ज्यांचा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, ते लोक : प्रवेशद्वाराबाहेरचे फुगेवाले, भेळवाले, चणे-शेंगदाणे विकणारे, खेळणी मांडून बसणाऱ्या बायका. आतल्या वाघाला पालिकेचे मांस रोज मिळत होते, रक्षकाला पगार मिळत होता. बाहेरचा माणूस मात्र थेट गर्दीवर जगत होता. १ जून २०२० रोजी केंद्राची स्वनिधी योजना सुरू झाली. तिच्यात फेरीवाल्यांना पहिल्या टप्प्यात दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल मिळे, पण ते कर्ज म्हणून. ज्या दारासमोर धंदा करायचा तेच बंद असताना घेतलेले कर्ज! प्राणिसंग्रहालयांच्या महामारीवर पुष्कळ लिहिले गेले, पण त्यात ही माणसे क्वचितच दिसतात.

२१/
बंद दारांआड बागेचे आयुष्य मात्र चालूच होते. १ मे २०२१ रोजी ‘ओरिओ’ आणि १९ ऑगस्टला ‘ऑस्कर’ ही पेंग्विनची पिल्ले जन्मली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, बालदिनी, करिश्माने ‘वीरा’ला जन्म दिला. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, वीराचे नाव जाहीर झाले, तेव्हा तिसऱ्या लाटेमुळे बाग प्रेक्षकांना बंद होती.