शेतकरीण कोणाला म्हणायचं?

आज बोलायचं आहे ते दिल्लीच्या संसदेबद्दल, पण सुरुवात आपल्या वावरातूनच करू. अनसिंगच्या शिवारात मृग बरसला की सोयाबीन, तूर, पऱ्हाटी पेरायची घाई होते. त्यानंतरचं निंदण, खुरपण, कापसाची वेचणी ही कामं कोणाच्या हातची, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि सरकारनं मदत जाहीर केली की पहिला कागद कोणता मागतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. सातबारा.

हा सातबारा मुळात महसुलाचा कागद. जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि सारा कोणाकडून वसूल करायचा, हे सरकारला कळावं म्हणून ही नोंद ठेवली जाऊ लागली. वावरात राबतं कोण, हे सांगण्यासाठी ती कधीच नव्हती. पुढे काळ बदलला, सरकार घेण्याऐवजी देऊ लागलं, पण देतानाही वही तीच उघडली. आपली अडचण इथून सुरू होते.

२००६ सालचं आठवा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरला होता. पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे आले आणि १ जुलैला नागपुरात त्यांनी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आपला वाशिम असे सहा जिल्हे त्यात होते. बँकेच्या थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं. पण व्याज माफ होणार ते ज्याच्या नावे कर्ज त्याचं, आणि पीककर्ज निघतं ते ज्याच्या नावे जमीन त्याला.

मग २९ फेब्रुवारी २००८ ला अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला आणि ६० हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा केली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल, तर तीन हिस्से भरायचे आणि चौथा सरकार सोडणार. झालं, वाद पेटला. ऊसपट्ट्यातले पाण्याखालचे पाच एकर आणि वऱ्हाडातले कोरडवाहू दहा एकर यांत गरीब कोण? विदर्भाचा हा सवाल अगदी रास्त होता. पाऊस दगा देतो तिथे दहा एकरवालाही कर्जात बुडतो. अखेर मे महिन्यात सरकारनं थोडी वाट काढली. अवर्षणप्रवण आणि पॅकेजच्या जिल्ह्यांत पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला २० हजार रुपये किंवा पाव हिस्सा, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढी सूट मिळाली. योजनेचा आकडा ७१ हजार ६८० कोटींवर गेला.

म्हणजे संसदेत आवाज उठवला की नियम हलतो, हे तेव्हा दिसलं. पण त्या वादाचा सगळा जोर एकर किती यावर होता. ते एकर कसणारं माणूस कोण, या प्रश्नाला कोणी तेवढा जोर लावला नाही.

तो जोर लावला एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचं नाव आपण हमीभावाच्या निमित्तानं ऐकतो, उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफा ही त्यांच्या आयोगाची शिफारस. पण त्यांचं दुसरं काम आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. ते राज्यसभेचे सदस्य होते आणि मे २०१२ मध्ये त्यांनी तिथे महिला शेतकरी हक्क विधेयक मांडलं. जमीन नावावर असो-नसो, लग्न झालेलं असो-नसो, जी बाई शेतीत राबते ती शेतकरी, असं त्यात धरलं होतं. तिला तसं प्रमाणपत्र ग्रामसभेच्या मान्यतेनं ग्रामपंचायत देणार, आणि ते दाखवून तिला किसान क्रेडिट कार्ड, कर्ज, पाणी यांवर हक्क सांगता येणार. नवऱ्यानं मिळवलेल्या जमिनीतही तिचा बरोबरीचा वाटा. (ग्रामसभेत आपण बाया किती जातो, त्यावर एखाद्या दिवशी वेगळं बोलू.)

मला यातलं ग्रामसभेचं कलम सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कोण राबतं हे तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही, पण गावाला विचारा, शेंबडं पोरही सांगेल.

या विधेयकाचं झालं काय? मंत्र्यानं आणलेलं विधेयक वेगळं आणि एखाद्या खासदारानं स्वतःच्या नावानं आणलेलं वेगळं. खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे दोन-अडीच तास येतात. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० साली. एप्रिल २०१३ मध्ये स्वामिनाथन यांची मुदत संपली आणि त्यांच्याबरोबर हे विधेयकही गेलं. सरकारनं ते आपलं म्हणून पुढे आणलं नाही.

२०१९ ला पीएम-किसान सुरू झाली, वर्षाला सहा हजार रुपयांची. तिथेही निकष जमिनीच्या नोंदीचाच. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या शंभर वहिवाटदारांत बाया सुमारे चौदा. आपली भाषासुद्धा यात मागे नाही. शेतकरीण म्हटलं की ऐकणाऱ्यापुढे शेतकऱ्याची बायको उभी राहते, जशी पाटलीण म्हणजे पाटलाची.

महाराष्ट्रात हा विषय दिल्लीच्या कितीतरी आधी निघाला होता. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं बायांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या. गावोगावच्या पुरुषांनी तशा नोंदी केल्या. नवरा हयात असतानाच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता यावं, यासाठी १९९२ मध्ये राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं.

त्यासाठी अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो. पण तो नवऱ्यानं स्वखुशीनं करायचा; बाईनं एकटीनं केलेल्या अर्जावर या योजनेत नाव लागत नाही.