पाल्मायरा अभयारण्याची वाटचाल

होनोलुलूच्या दक्षिणेला सुमारे 1,600 किलोमीटरवर, प्रशांत महासागरात पाल्मायरा हे कंकणद्वीप आहे. खचलेल्या ज्वालामुखीवर पोवळ्यांचे थर चढत गेले आणि खाजणांभोवती ठेंगण्या बेटांचे कडे तयार झाले. वर्षाला चार मीटरहून अधिक पाऊस पडत असूनही येथे कायमची वस्ती झाली नाही.

1802 मध्ये येथे पोहोचलेल्या जहाजावरून बेटाला नाव मिळाले. 1862 मध्ये हवाईच्या राज्याने ते ताब्यात घेतले, तर 1922 मध्ये होनोलुलूच्या फुलार्ड-लिओ कुटुंबाने त्याचा बहुतांश भाग विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने खाजण उपसले, बांध घातले, धावपट्टी केली. पाण्याचे प्रवाह अडले आणि उंदीर बेटावर शिरले. कुटुंबाचा अमेरिकी सरकारशी मालकीचा वाद युद्धाआधीच न्यायालयात गेला होता. 1947 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कौल कुटुंबाच्या बाजूने लागला. पुढे अणुकचरा साठवण्यासाठीही या बेटाचा विचार झाला, तो बारगळला.

2000 मध्ये ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ने पाल्मायरा विकत घेतले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याची घोषणा झाली. बेटावर संशोधन केंद्र उभे राहिले.

खरी कसोटी उंदरांची होती. पक्ष्यांची अंडी, पिल्ले आणि झाडांच्या बिया ते फस्त करत. 2011 मध्ये अमेरिकेचा वन्यजीव विभाग, कॉन्झर्व्हन्सी आणि ‘आयलंड कॉन्झर्व्हेशन’ यांनी हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकले. खेकडेच ते खाऊन टाकत, म्हणून मात्रा वाढवावी लागली. कुरल पक्ष्यांना आधी पकडून सुरक्षित ठेवावे लागले. तरी काही पक्षी दगावलेच. मोहीम मात्र यशस्वी झाली. पिसोनियासह देशी वृक्षांची रोपे जागोजागी तरारली आणि उंदरांच्या रक्तावर पोसलेला आशियाई वाघडासही नाहीसा झाला.

1991 मध्ये रुतलेल्या मासेमारी जहाजाचे लोखंड पाण्यात झिरपून पोवळ्यांवर उपद्रवी जीव माजले होते. तो सांगाडा 2013-14 मध्ये हलवण्यात आला. नंतर नारळांची पाळी आली. समुद्रपक्षी माडांवर घरटी बांधणे टाळतात. घरटी नसली की विष्ठा नाही, विष्ठा नसली की जमिनीला खत नाही, आणि खाजणातल्या प्लवकांनाही पोषण कमी पडते. म्हणून माडांचे दाट बन विरळ करून देशी झाडांना जागा देण्यात आली.

लाल पायांच्या बूबी पक्ष्यांची जगातली एक मोठी वसाहत आज येथे नांदते. शास्त्रज्ञ, शासकीय कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्या श्रमांतून घडलेले हे अभयारण्य इतर बेटांच्या पुनरुज्जीवनासाठी पथदर्शी ठरले आहे.