काळ्या पाषाणाचा मुलूख

छत्रपती संभाजीनगरच्या पायाखाली कोळसा नाही. आहे तो काळा पाषाण. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले आणि पुढे त्याच बेसाल्टात वेरूळचं कैलास लेणं कळसापासून पायापर्यंत कोरलं गेलं.

सरकारी संशोधनाची नजर मात्र कोळशावर होती. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं ते मुख्यतः त्यासाठीच. याच सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांना १८७१ मध्ये आजच्या तेलंगणातल्या येल्लंदूजवळ कोळसा सापडला. मुलूख निजामाचा, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगरही, निजामाचंच; पण खाणी दूर तेलंगणात गेल्या.

इथल्या पाषाणाचं धन त्याच्या पोकळ्यांत दडलंय: स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे देखणे स्फटिक. खदानीतल्या सुरुंगानं दगडाबरोबर तेही चुरडतात. खदानमालकांनी ते आधी वेचून जपावेत.