पर्जन्यजल संचय अनुदान, चंद्रपूर-गडचिरोली

शहरात पडणारे पावसाचे पाणी नाल्यात वाहून जाण्याआधी साठवावे वा जमिनीत मुरवावे, यासाठी मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य. चंद्रपूर महानगरपालिका छतावरील पाणी मुरवणाऱ्या घरमालकांना अनुदान देते.

रचना साधी: छताचे पाणी पाइपातून गाळणीत, तिथून विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये. 100 चौरस मीटर छतावर 1 सेंटिमीटर पाऊस पडला, तर 1,000 लिटर पाणी पडते! कोळशाच्या या शहरात पहिल्या सरींचे काजळलेले पाणी मात्र बाहेर सोडलेलेच बरे.

पावसाचे पाणी तलावांतही साठते; केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2021 मधील ‘अमृत 2.0’ योजनेत तलाव पुनरुज्जीवनही येते. खर्चात केंद्राचा वाटा चंद्रपूरसारख्या 1 ते 10 लाख वस्तीच्या शहरांना एक तृतीयांश, गडचिरोलीसारख्या लहान शहरांना निम्मा. चंद्रपूरचा गोंडकालीन रामाळा तलाव आणि जुन्या जमीनदारांच्या मालगुजारी तलावांच्या या मुलखात हा पैसा आधी गाळ काढण्याकडे व सांडपाणी रोखण्याकडे वळायला हवा.